छोट्या झोत-एंजिनाची निवड

बंगळुरात डोक्यावरून विमान गेले, म्हणून कोणी मान वर करून पाहत नाही. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने १९४० साली येथे हिंदुस्तान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापन केली, तेव्हापासून हे शहर विमानांच्या आवाजातच वाढत आले आहे. पुढे राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळा येथे आली, गॅस टर्बाइन संशोधन संस्था आली, वैमानिकाविना उडणारी विमाने तयार करणारी वैमानिकी विकास संस्थाही आली. ज्या शहरात इतके विमानशास्त्रज्ञ आणि इतके कुशल कारागीर राहतात, तेथे विमानाचे वेड कारखान्याच्या फाटकाबाहेर पडून घरातल्या टेबलावर येऊन बसावे, हे ओघानेच आले.

जमिनीवरून रेडिओच्या साहाय्याने उडवावयाची प्रतिकृती-विमाने हा त्या वेडाचा एक प्रकार होय. आणि त्या प्रकारातील सर्वांत खर्चिक, सर्वांत देखणी व सर्वांत धोक्याची शाखा म्हणजे खऱ्याखुऱ्या झोत-एंजिनावर उडणारी विमाने. पंखांचा पसारा दोन मीटरांच्या आसपास, वजन दहा-बारा किलोग्रॅम, वेग ताशी अडीचशे किलोमीटरांवर सहज जाणारा, पोटात दोन-अडीच लिटर रॉकेल आणि शेपटाशी पाचशे ते सातशे अंश तापमानाचा झोत. याला खेळणे म्हणणे धाडसाचे ठरेल. असे विमान बांधू पाहणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो एंजिनाच्या निवडीचा, आणि या एका निवडीवर पुढच्या बहुतेक गोष्टी अवलंबून असतात.

वरवर पाहता प्रश्न सोपा आहे. निर्माता पेटीवर आकडा छापतो : रेटा १०० न्यूटन. म्हणजे एंजिन विमानाला सुमारे दहा किलोग्रॅम वजनाइतक्या बळाने पुढे ढकलील. विमान बारा किलोचे, रेटा दहा किलोचा. हिशेब जमला असे वाटते. परंतु हा आकडा सामान्यतः समुद्रसपाटीवरील व १५ अंश सेल्सिअस तापमानाच्या हवेत लागू पडणारा असतो. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेले आहे. पेटीवरचा आकडा आणि बंगळुरातील हवा यांच्यामध्ये जी तफावत आहे, ती ध्यानात न घेतल्यास धावपट्टी संपते आणि विमान जमिनीवरच असते. ही तफावत किती, हे पाहण्यापूर्वी या एंजिनाच्या पोटात काय चालते ते समजून घेणे इष्ट होईल.

एंजिनाची घडण

हाताच्या पंजापेक्षा थोडे रुंद आणि वीतभर लांब असे हे एक नळकांडे असते. त्याच्या तोंडाशी एक पातीदार चाक असते. यालाच संपीडक म्हणतात. ते फिरू लागले की समोरची हवा मध्यभागी ओढली जाते व कडेकडे भिरकावली जाते. ताक घुसळताना रवीभोवतीचे ताक माठाच्या कडेला चढते, तसाच हा प्रकार. भिरकावलेल्या हवेचा वेग स्थिर पात्यांच्या कड्यात मंदावतो आणि त्या मंदावण्यातून तिचा दाब वाढतो. हवा साधारणपणे मूळच्या दोन ते तीन पट दाबाने मागच्या ज्वलनकोठीत शिरते. तेथे रॉकेलच्या जातीचे इंधन जळते, तापलेला वायू फुगतो आणि मागील बाजूच्या टर्बाइनच्या पात्यांवर आदळून बाहेर पडतो. टर्बाइन व संपीडक एकाच दंडावर बसविलेले असतात. त्यामुळे टर्बाइनने मिळविलेली शक्ती संपीडक फिरविण्यात खर्ची पडते. जे उरते ते निमुळत्या तोटीतून झोताच्या रूपाने मागे जाते, आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून विमान पुढे जाते.

एंजिनात फिरणारा भाग एकच, हे वाचून यंत्र बाळबोध असावे असा समज होईल. त्याचा वेग पाहिला म्हणजे तो समज टिकत नाही. पुष्कळशा छोट्या एंजिनांत संपीडकाच्या चाकाचा व्यास ६६ मिलिमीटर असतो, आणि पूर्ण शक्तीच्या वेळी ते मिनिटाला १,१५,००० च्या घरात फेरे घेते. म्हणजे सेकंदाला एकोणीसशेहून अधिक. चाकाचा परीघ पावणेएकवीस सेंटिमीटर धरला, तर त्याच्या कडेचा वेग सेकंदाला जवळजवळ ४०० मीटर भरतो. ध्वनीचा वेग त्याहून कमी आहे. या वेगात कडेवरील एक ग्रॅम धातू सुमारे पाच क्विंटल वजनाच्या बळाने बाहेर ओढला जातो. चाकातील केसाएवढी भेग कोणता अनर्थ करू शकेल, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. चालू एंजिनाच्या बाजूला, चाकाच्या पातळीत, कोणीही उभे राहू नये हा दंडक त्यातूनच आलेला आहे.

असे यंत्र घरगुती कार्यशाळेत बनविता येईल, यावर कित्येक वर्षे कोणाचाच विश्वास नव्हता. ब्रिटनमध्ये १९८३ साली टर्बाइनवर चालणारे प्रतिकृती-विमान उडाले, परंतु त्यामागची मेहनत सामान्य हौशी माणसाच्या आवाक्यातली नव्हती. खरी वाट मोकळी केली ती कुर्ट श्रेक्लिंग या जर्मन गृहस्थांनी. १९९० च्या सुमारास त्यांनी जे एंजिन चालवून दाखविले, त्याचे संपीडक-चाक चक्क लाकडाचे होते! प्लायवुडच्या चाकाला त्यांनी कार्बनच्या धाग्यांनी बळकटी आणली होती, आणि टर्बाइनचे चाक पत्र्यातून कापून काढले होते. त्यांनी आपली कृती पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. पुढे अनेकांच्या ध्यानात आले की मोटारींच्या टर्बोचार्जरमध्ये नेमके असेच चाक हजारोंनी तयार होत असते. मोटार-उद्योगाने स्वस्त केलेले ते चाक उचलून हौशी मंडळींनी आपल्या एंजिनात बसविले, आणि मग कारखानेही पुढे सरसावले. आज मिळणाऱ्या एंजिनांचे मूळ या लाकडी चाकात आणि मोटारीच्या चाकात आहे.

लहान म्हणजे मोठ्याची बारीक नक्कल नव्हे

मोठे एंजिन सर्व बाजूंनी निम्मे केले तर काय होईल? हवा आत घेणाऱ्या तोंडाचे क्षेत्रफळ चौथाई होईल, म्हणून हवा चौथाई आणि रेटाही स्थूलमानाने चौथाई. परंतु वजन घनफळाच्या हिशेबाने घटत असल्यामुळे ते एक-अष्टमांश होईल. म्हणजे दर किलो वजनामागे मिळणारा रेटा दुप्पट झाला. आकार लहान करण्याचा हा लाभ निसर्गाने फुकट दिलेला आहे, आणि त्याच्याच बळावर सव्वा किलोचे एंजिन स्वतःच्या आठपट वजनाचा रेटा देते. नावाजलेल्या लढाऊ विमानांच्या एंजिनांचे प्रमाणही याच्या आसपासच असते, आणि ते साधण्यासाठी त्यांच्या निर्मात्यांना केवढा खटाटोप करावा लागतो!

मात्र निसर्ग दुसऱ्या हाताने वसुलीही करतो. फिरते पाते व स्थिर कवच यांच्यात थोडी फट ठेवावीच लागते. पाते हातभर लांब असेल तर पाव मिलिमीटरची फट क्षुल्लक. पाते पाच मिलिमीटर उंचीचे असेल तर तीच फट विसावा हिस्सा होते, आणि दाबलेली हवा तेवढ्या प्रमाणात निसटते. मोठ्या एंजिनातील पात्यांच्या आत बारीक मार्ग कोरून त्यांतून थंड हवा खेळविता येते. नखाएवढ्या पात्यात ती सोय कशी करणार? म्हणून वायू फार तापवून चालत नाही, दाबही दोन-तीन पटींच्या पुढे नेता येत नाही. परिणामी इंधनाची उधळपट्टी होते. दर किलो रेट्यामागे तासाला दीड किलोहून अधिक इंधन हे एंजिन पिते. चांगल्या लढाऊ विमानाचे एंजिन पुनर्ज्वलनाविना साधारण त्याच्या निम्म्यावर भागविते.

तोंडाशी अक्षीय संपीडक न लावता कडेकडे हवा फेकणारे चाक का वापरतात, याचेही उत्तर येथेच आहे. अक्षीय संपीडकात पात्यांच्या अनेक ओळी लागतात आणि प्रत्येक ओळीत गळती होते. भिरकावणारे एकच चाक तेवढा दाब एका टप्प्यात देते, शिवाय दणकटही असते. १९५९ मध्ये कानपूर येथे सुरू होऊन १९६१ च्या सुमारास बंगळुरास आलेल्या गॅस टर्बाइन संशोधन संस्थेनेही आरंभीचे एंजिन याच केंद्रोत्सारी पद्धतीचे केले होते. नवशिक्याने प्रथम केंद्रोत्सारी मार्ग धरावा, ही प्रथा हौशी जगापुरती नाही.

बंगळुराची हवा

आता मूळ प्रश्नाकडे वळू. झोत-एंजिनाचा रेटा त्याच्यातून दर सेकंदाला किती वजनाची हवा जाते यावर ठरतो. चाक एका फेऱ्यात ठरावीक घनफळाची हवा ओढते. ती हवा विरळ असेल तर वजन कमी भरणार. समुद्रसपाटीवर १५ अंशांना एक घनमीटर हवा १.२२५ किलोग्रॅम भरते. बंगळुराच्या उंचीवर हवेचा दाब सुमारे एक-दशांशाने कमी असतो. त्यात तापमान ३० अंश धरले, तर घनमीटरचे वजन १.०४ किलोग्रॅमच्या आसपास येते. म्हणजे मूळच्या शंभराला पंच्याऐंशी.

यावरून शंभर न्यूटनांचे एंजिन बंगळुरातील तापलेल्या दुपारी पंच्याऐंशी न्यूटन देईल, आणि खरे पाहता त्याहूनही किंचित कमीच. कारण तापलेल्या हवेत ध्वनीचा वेग वाढतो, आणि चाकाचे फेरे तेवढेच राहिले तरी ध्वनीवेगाच्या मानाने ते मंद ठरते व दाब थोडा कमी निर्माण करते. सकाळी १८ अंशांच्या हवेत हेच प्रमाण नव्वदाच्या जवळ जाते. जाणते लोक विमाने सकाळी उडवितात ते केवळ वारा शांत असतो म्हणून नव्हे.

नुकसान येवढ्यावर थांबत नाही. विरळ हवेत पंखांनाही तेवढा आधार मिळत नाही, म्हणून जमीन सोडण्यासाठी वेग अधिक लागतो. रेटा घटला आणि आवश्यक वेग वाढला, असा दुहेरी मार बसतो. एक उदाहरण घेऊ. बारा किलोचे विमान समुद्रसपाटीवर सेकंदाला २२ मीटर वेगाने जमीन सोडते असे समजा. हवेचा व चाकांचा विरोध सरासरीने पंधरा न्यूटन धरला, तर शंभर न्यूटनांच्या रेट्याने ते सुमारे ३४ मीटर धावून उडेल. तेच विमान, तेच एंजिन बंगळुरातील दुपारी आणले, तर उडण्याचा वेग २४ मीटरांवर जातो, रेटा पंच्याऐंशीवर येतो, आणि धाव ४९ मीटरांची होते. गवताळ मैदानावर विरोध आणखी बारा न्यूटनांनी वाढला, तर साठ मीटर. चौतीस मीटरांच्या भरवशावर ज्याने मैदान निवडले त्याचे विमान कुंपणात सापडेल.

येथे उतावीळ माणूस म्हणेल, मग मोठेच एंजिन घ्यावे! एकशेसाठ न्यूटनांचे घेतले की उंची आणि उन्हाळा दोन्ही विसरता येतील. हा सल्ला पुष्कळदा दिला जातो आणि तो पुष्कळदा चुकीचा असतो. मोठे एंजिन स्वतः जड. ते पूर्ण शक्तीवर मिनिटाला अर्ध्या लिटरहून अधिक इंधन पिते, म्हणून टाकीही मोठी. ते सारे वजन पेलावयाचे म्हणून उतरण्याचा वेग वाढतो. एंजिन शेपटाकडे बसत असल्यामुळे त्याचा प्रत्येक जादा ग्रॅम तोलण्यासाठी नाकात शिसे भरावे लागते. शिवाय मोठे एंजिन रिकाम्या चालीतही विमानाला अधिक ढकलीत राहते, त्यामुळे ते उतरताना तरंगतच जाते, खाली बसत नाही. पण सर्वांत मोठा धोका वेगाचा आहे. वेग दुप्पट झाला की पंखांवरील बळे चौपट होतात. ताशी अडीचशे किलोमीटरांसाठी बांधलेली शेपटी त्याच्या वर फडफडू लागली, तर क्षणार्धात तुटते. मग दहा किलो धातू व पेटते रॉकेल कोठे पडेल ते कोणाच्याच हाती उरत नाही.

म्हणून शहाणपणाचा मार्ग एकच पायरी वर चढण्याचा. बारा किलोच्या त्याच विमानासाठी बंगळुरात एकशेवीस न्यूटनांचे एंजिन घेतले, तर दुपारच्या हवेत ते एकशेदोन न्यूटन देते, म्हणजे आराखडा करणाऱ्याने जेवढे गृहीत धरले होते जवळजवळ तेवढेच. समुद्रकाठी, मुंबई-गोव्याकडे, तेच विमान नेण्याची वेळ आली, तर एंजिनासोबत येणाऱ्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकात फेऱ्यांची कमाल मर्यादा खाली आणून ठेवता येते. उलट सोय मात्र नाही. लहान एंजिनाला मर्यादेबाहेर पळविणारा नियंत्रक अद्याप निघालेला नाही, आणि निघू नये.

आणखी एक गुण पेटीवर ठळकपणे छापलेला नसतो : प्रतिसादाचा वेळ. पंख्याच्या एंजिनाला वाढीव इंधन दिले की ते लगेच उचल घेते. झोत-एंजिन तसे नाही. रिकाम्या चालीतील ३५,००० फेऱ्यांवरून १,१५,००० वर जाताना फिरत्या भागातील साठलेली शक्ती जवळजवळ अकरा पट व्हावी लागते. ही शक्ती देण्यासाठी एकदम इंधन ओतले तर पाती जळतील, म्हणून नियंत्रक ते सावकाश सोडतो. यात तीन ते पाच सेकंद जातात. उतरण्याच्या बेतात असलेले विमान सेकंदाला तीस मीटर वेगाने येत असेल, तर चार सेकंदांत ते एकशेवीस मीटर काटते. मैदान आखूड असल्यास सर्वाधिक रेट्याच्या एंजिनापेक्षा चटकन उचल घेणारे एंजिन अधिक मोलाचे, हे विकत घेतानाच तपासावे.

मोठ्यांचे अनुभव

एंजिन व विमान यांची जोडी जुळली नाही तर काय होते, याचा मोठा धडा याच शहराने गिरविला आहे. कुर्ट टँक या जर्मन अभियंत्याच्या मार्गदर्शनाखाली येथे 'मरुत' या लढाऊ विमानाची आखणी झाली. तिचे काम विलक्षण नीटनेटके होते. आकार पारखण्यासाठी १९५९ मध्ये त्याचे पूर्ण मापाचे लाकडी ग्लायडर करून उडविण्यात आले. १७ जून १९६१ रोजी सुरंजन दास यांनी मरुतचे पहिले उड्डाण केले. परंतु ज्या एंजिनासाठी तो सांगाडा आखला होता, ते ब्रिटिश ऑर्फियस १२ हे एंजिन पुरे झालेच नाही. त्याच्या विकासाला पैसा देण्यास ब्रिटिश सरकार तयार नव्हते आणि शेवटी भारतानेही खर्च उचलला नाही. पुनर्ज्वलनासह सुमारे ३,७०० किलोग्रॅम रेटा देणाऱ्या एंजिनांच्या जागी २,२०० किलोग्रॅमांची ऑर्फियस ७०३ ही एंजिने बसवावी लागली. ध्वनीच्या दुप्पट वेगाचे स्वप्न पाहून कोरलेले विमान ध्वनीच्या उंबरठ्याशीच अडखळत राहिले. इजिप्तमध्ये तयार होत असलेले एंजिन १९६७ साली एका मरुतवर बसवून पाहिले गेले. तोही प्रयत्न सुटला. एंजिनांची शक्ती वाढविण्याच्या प्रयोगातील विमानावर १९७० च्या जानेवारीत अपघात होऊन खुद्द सुरंजन दास यांचे प्राण गेले. १९७१ च्या युद्धात मरुतने चांगली कामगिरी केली हे खरे, पण ती त्या एंजिनाच्या उणिवेसकट केली.

त्याच कारखान्यातील 'किरण' या शिकाऊ विमानाची कथा वेगळी आहे. त्याचे आखणीकार डॉ. विष्णु माधव घाटगे हे कोल्हापूरकडचे. गटिंगेन येथे प्रख्यात शास्त्रज्ञ प्रांटल यांच्या हाताखाली त्यांचे अध्ययन झाले होते, आणि १९५१ साली उडालेले 'एच.टी. २' हे विमानही त्यांच्याच देखरेखीखाली तयार झालेले. किरणसाठी त्यांनी व्हायपर हे सुमारे १,१३० किलोग्रॅम रेट्याचे एंजिन स्वीकारले. ते काही अचाट एंजिन नव्हे. परंतु ते तयार होते, पारखलेले होते, आणि विमान त्याच्या मापाने आखलेले होते. सप्टेंबर १९६४ मध्ये किरण उडाले आणि हवाई दलाच्या वैमानिकांच्या अनेक पिढ्या त्यावर शिकल्या. हाती नसलेल्या एंजिनाच्या भरवशावर सांगाडा उभारू नये, इतकी साधी गोष्ट या दोन विमानांची तुलना करताना नजरेत भरते. हौशी माणसानेही एंजिनाची माउंटिंगे, झोत वाहून नेणारी नळी आणि टाकी यांची मापे प्रत्यक्ष एंजिन समोर ठेवूनच ठरवावीत.

प्रतिकृती-विमानांचे सर्वांत जवळचे मोठे भावंड म्हणजे 'लक्ष्य'. तोफखान्याला व क्षेपणास्त्रांना नेम धरण्याचा सराव मिळावा म्हणून वैमानिकी विकास संस्थेने ते सिद्ध केले. ते वैमानिकाविना, जमिनीवरील नियंत्रणाने उडते, अग्निबाणाच्या जोराने झेप घेते आणि काम आटोपल्यावर हवाई छत्रीने खाली येते. समुद्रात पडले तर बाहेर काढून पुन्हा वापरावयाचे. त्यासाठी हिंदुस्तान एरॉनॉटिक्सने पी.टी.ए.ई. ७ हे सुमारे ३८० किलोग्रॅम रेट्याचे एंजिन तयार केले. त्याची रचना मुद्दाम साधी ठेवली आहे : एकच दंड, थंड न केलेली टर्बाइनची पाती, न हलणारी तोटी. नेम धरून पाडावयाच्या किंवा खाऱ्या पाण्यात बुडावयाच्या विमानाला इंधनाची काटकसर करणारे महाग एंजिन कशास हवे? याच संस्थेचे २०१९ मध्ये चांदीपूर येथे उडविलेले 'अभ्यास' हे त्याहून लहान लक्ष्य-विमान. तेही छोट्या गॅस टर्बाइनवर चालते, आणि आरंभीचा जोर दोन अग्निबाणांकडून घेते. झेपेपुरता जोर बाहेरून मिळाला की एंजिन लहान चालते, ही त्यातील युक्ती. हौशी माणसाला अग्निबाण वापरता येत नाही. त्याची झेप त्याच्याच एंजिनाला घ्यावी लागते, म्हणून तर त्याला धावपट्टीचे गणित इतके काटेकोर करावे लागते.

सांभाळ

छोट्या एंजिनाच्या दंडाला आधार देणाऱ्या दोन बेअरिंगांना वेगळे वंगण नसते. इंधनातच शेकडा चार-पाच या प्रमाणात टर्बाइनचे तेल मिसळतात, आणि त्या मिश्रणाचा बारीक अंश बेअरिंगांकडे वळवितात. तेल विसरले तर एंजिन काही मिनिटांतच निकामी होते. बेअरिंगातील गोळ्या पोलादाच्या नसून चिनी मातीच्या जातीच्या कठीण द्रव्याच्या असतात, तरीही साधारण पंचवीस ते पन्नास तासांच्या उड्डाणानंतर एंजिन उघडून तपासावे लागते. हे काम निर्मात्याच्या कारखान्यात होते. म्हणून विकत घेण्यापूर्वी दुरुस्ती कोठे होणार, एंजिन परदेशी जाऊन किती महिन्यांनी परत येणार, हे विचारणे रेट्याचा आकडा विचारण्याइतकेच महत्त्वाचे आहे. थोडा कमी चमकदार पण जवळ दुरुस्त होणारा नमुना बहुधा अधिक तास हवेत राहतो. तांबड्या मातीच्या मैदानावर तोंडाशी जाळी लावल्यावाचून एंजिन सुरू करू नये. धुळीचे कण संपीडकाच्या पात्यांच्या कडा कुरतडतात आणि रेटा हळूहळू उतरत जातो.

एंजिन बंद केल्यावर नियंत्रक विजेच्या मोटरने चाक फिरवीत राहतो व आतली उष्णता बाहेर काढतो. तो थांबेपर्यंत विमान उचलू नये. सुरू करताना कोणीतरी कर्बवायूचे अग्निशामक नळकांडे हातात धरून उभे असावे. भुकटीचे नळकांडे आग विझविते खरे, पण एंजिनही निकामी करून सोडते.

मैदानाची निवड कायद्यानेही बांधलेली आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांत पंचवीस किलोपर्यंतच्या, दृष्टीच्या टप्प्यात उडविल्या जाणाऱ्या प्रतिकृती-विमानांना प्रमाणपत्राच्या बाबतीत काही सूट मिळाली. परंतु विमानतळांभोवतालची हवा मोकळी नाही. बंगळुरास देवनहळ्ळीचा मोठा विमानतळ, एच.ए.एल.चा जुना विमानतळ, येलहंक्याचे हवाई दलाचे ठाणे आणि जक्कूरचे शिक्षणकेंद्र अशी चार ठिकाणे आहेत. त्यांची वर्तुळे नकाशावर आखली म्हणजे शहराच्या जवळपास फारसे काही उरत नाही. मैदान शोधीत दूर, बहुधा आखूड आणि खडबडीत जागी जावे लागते.

तेथे पोचल्यावर एक प्रयोग अवश्य करावा. विमानाची चाके गुळगुळीत फळीवर ठेवून शेपटाला ताणकाटा बांधावा, दोर झोताच्या वाटेतून बाजूला राहील असा घ्यावा, आणि एंजिन पूर्ण शक्तीवर नेऊन काट्याचे वाचन घ्यावे. पेटीवर १०० न्यूटन, म्हणजे सव्वादहा किलोग्रॅमांच्या आत-बाहेर, असे लिहिलेले असले तरी काटा साडेआठाशी थांबेल. त्याच वेळी हवेचे तापमान टिपून घ्यावे. निरनिराळ्या ऋतूंतील अशी आठ-दहा वाचने वहीत जमली, की त्या एंजिनाविषयी त्याच्या निर्मात्यालाही नसलेली माहिती मालकाच्या हाती येते, आणि पुढचे विमान किती किलोंचे बांधावे हे त्याला पेटी न पाहता सांगता येते.